गिरणगावच्या आठवणी : रंजन आणि साक्ष

आठवणींच्या वाङ्मयाची परंपरा मराठीत मोठी आहे, आणि तिच्यात आपल्या नाशिक परिसराचा वाटा मानाचा आहे. नाशिकजवळच्या जलालपूर येथे जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. या ग्रंथाची थोरवी सांगताना त्यातील विनोदाचा व सहज बोलीचा उल्लेख बहुधा केला जातो. तो योग्यच आहे. परंतु त्याहून महत्त्वाचा गुण असा, की लक्ष्मीबाई कोणालाही सूट देत नाहीत. वडिलांचे सोवळ्याचे वेड, सासऱ्यांचा जाच, पतीचा लहरी स्वभाव, स्वतःच्या मनातील विटाळाच्या कल्पना, हे सारे त्या सारख्याच मोकळेपणाने सांगतात. गेलेल्या दिवसांची ओढ त्यांना आहे. पण त्या ओढीपायी त्या दिवसांवर त्या खोटा रंग चढवीत नाहीत. आठवणींच्या कोणत्याही लेखनाची वा चित्रांची पारख करताना हा ग्रंथ मापासारखा हाताशी ठेवावा, असे मला वाटते.

हे माप आज काढण्याचे कारण मुंबईचे गिरणगाव. लालबाग, परळ, शिवडी, काळाचौकी, वरळी, डिलाईल रोड हा जो कापडगिरण्यांचा मुलूख होता, त्याच्याविषयी गेल्या तीसेक वर्षांत मराठीत पुष्कळ लिहिले, दाखविले व सांगितले गेले. जुन्या छायाचित्रांची प्रदर्शने भरली, पुस्तके निघाली, नाटक झाले, चित्रपट झाला. भोंगा, धुराडे, चाळीचा कठडा, गणपती, भजनी मंडळे, दहीहंडी यांची चित्रे पाहून ज्यांनी गिरणी कधी पाहिलीही नाही त्यांचेही मन हळवे होते. या हळवेपणाचे मोल काय, असा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारावयाचा आहे. कारण आठवण दोन प्रकारची असते. एक केवळ मन रमविते. तिला आपण स्मरणरंजन म्हणतो. दुसरी साक्ष देते. साक्षीदार जे पाहिले ते सांगतो, आणि ते आपल्याला वा श्रोत्याला गैरसोयीचे असले तरी सांगतो. रंजन करणारी आठवण ऐकणाऱ्याकडून काहीच मागत नाही. साक्ष मात्र ऐकणाऱ्यावर जबाबदारी टाकते.

गिरणगावची चित्रे नीट वाचायची तर आधी थोडे दूर, उत्तर इंग्लंडमध्ये जावे लागते. कारण गिरणगावचे आजोळ तेथे आहे. लँकेशर परगण्यातील बोल्टन या गावी सॅम्युअल क्रॉम्प्टन याने १७७९ च्या सुमारास सूतकताईचे ‘म्यूल’ हे यंत्र सिद्ध केले. पुढे शंभर वर्षांत बोल्टन, ओल्डहॅम, ब्लॅकबर्न, प्रेस्टन ही गावे धुराड्यांनी भरून गेली. मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. त्यानंतर एकापाठोपाठ एक गिरण्या उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्यासाठी चात्या आणि माग आले ते बोल्टनच्या डॉब्सन अँड बार्लो आणि ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स यांसारख्या कारखान्यांतून. म्हणून बोल्टनमधील जुने छायाचित्र आणि परळमधील जुने छायाचित्र शेजारी ठेवले, तर माणसांचा वेष तेवढा वेगळा दिसतो. यंत्रांच्या रांगा त्याच, काचेची छपरे तीच, पाळी सुटल्यावर दाराशी होणारी गर्दीही तीच.

बोल्टनच्या छायाचित्रांचा एक संग्रह फार प्रसिद्ध आहे. १९३७-३८ मध्ये ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या संस्थेच्या मंडळींनी, सामान्य इंग्रज माणूस खरोखर कसा जगतो याची नोंद करण्यासाठी, टॉम हॅरिसन यांच्या पुढाकाराने या गावात मुक्काम ठोकला. गावाचे खरे नाव न छापता त्यांनी त्याला ‘वर्कटाउन’, म्हणजे कामकऱ्यांचे गाव, असे नाव दिले. हम्फ्री स्पेंडर या तरुण छायाचित्रकाराने तेथे आठशेहून अधिक चित्रे टिपली. दोरीवर वाळत घातलेले कपडे, मोकळ्या जागेत खेळणारी मुले, मद्यगृहातील म्हातारे, रविवारी देवळाकडे निघालेली कुटुंबे. चित्रे सुंदर आहेत, खरी आहेत. पण ती लपविलेल्या कॅमेऱ्याने, माणसांच्या नकळत काढलेली आहेत. आपण परक्या वर्गातून आलेले असून या लोकांच्या खाजगी जीवनात डोकावत आहोत, ही टोचणी स्पेंडर यांना होती आणि त्यांनी ती पुढे बोलूनही दाखविली. त्या कॅमेऱ्यासमोरून गेलेल्या बहुतेक माणसांचे नाव त्या वेळी कोणी विचारले नाही. त्यांच्या गावाचेही खरे नाव झाकले गेले. ही चित्रे पुढे बोल्टनच्या संग्रहालयाने जतन केली, आणि १९८२ मध्ये त्यांचे एक पुस्तक निघाले. लक्षात घ्यावे, की त्याच वर्षी मुंबईत गिरण्यांचा अखेरचा मोठा संप सुरू झाला. एका ठिकाणी गिरणगाव पुस्तकात जाऊन बसत होते, दुसऱ्या ठिकाणी ते रस्त्यावर झुंजत होते.

याच इंग्रजी मुलखातील दोन पुस्तके रंजन आणि साक्ष यांतील भेद समजण्यास मदत करतात. रिचर्ड होगर्ट यांचे ‘द यूजेस ऑफ लिटरसी’ १९५७ मध्ये आले. ते लीड्स शहरातील हन्स्लेट या कामकरी वस्तीत आजीच्या मायेत वाढले. त्यांनी उभे केलेले घर, चूल, शेजार, आईचे राबणे यांचे चित्र इतके ऊबदार आहे, की आपल्यालाही त्या घरात जाऊन बसावेसे वाटते. परंतु टीकाकारांनी त्याच वेळी विचारले, की या वस्तीत कारखाना कोठे आहे? संघटना, संप, मजुरीची भांडणे कोठे आहेत? १९७१ मध्ये रॉबर्ट रॉबर्ट्स यांचे ‘द क्लासिक स्लम’ आले. त्यांचे आईबाप सॅल्फर्डच्या एका गल्लीत कोपऱ्यावर दुकान चालवीत. उधारीची वही ज्या घरात असते त्या घराला गल्लीची सारी गुपिते ठाऊक असतात. रॉबर्ट्स सांगतात, की त्या गरीब वस्तीतही उच्चनीचतेच्या पायऱ्या होत्या, गहाणवटीच्या दुकानाची वाट होती, अब्रूची धास्ती होती, आणि ज्यांच्यावर अपकीर्तीचा शिक्का बसे त्यांच्याशी निर्दय वागणूक होई. होगर्ट यांचे पुस्तक थोर आहे आणि त्यातील माया खोटी नाही. तरीही गल्लीचे अंतरंग समजून घ्यायचे तर मी रॉबर्ट्स यांच्याकडे जाईन. लक्ष्मीबाईंशी नाते त्यांचेच अधिक जवळचे आहे.

आता एक छायाचित्र असे, की जे आपणा भारतीयांनी शाळेच्या पुस्तकात किंवा वर्तमानपत्रात कधीतरी पाहिलेले असते. २६ सप्टेंबर १९३१ ही तारीख. गोलमेज परिषदेसाठी विलायतेस गेलेले महात्मा गांधी लँकेशरमधील डार्वेन येथे गिरणीकामगार स्त्रियांच्या घोळक्यात उभे आहेत. अंगावर शाल, चेहऱ्यावर हसू. भोवतालच्या स्त्रिया हात उंचावून जयघोष करीत आहेत. चित्र पाहताच प्रसन्न वाटते. ‘ज्यांचे नुकसान केले त्यांनीच डोक्यावर घेतले,’ अशी त्याखाली ओळ लिहावीशी वाटते, आणि भाषणांतून ती ऐकायलाही मिळते. परंतु चौकटीबाहेर काय होते? पहिल्या महायुद्धापूर्वी लँकेशरच्या कापडाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक हिंदुस्थान होते. ते गिऱ्हाईक जपानी माल, येथील गिरण्या, जागतिक मंदी आणि स्वदेशीचा बहिष्कार अशा अनेक कारणांनी तुटले, आणि त्या स्त्रियांच्या गावांत गिरण्या बंद पडल्या. गांधीजींनी त्यांचे दुःख नाकारले नाही. इंग्लंडात तीस लाख बेकार आहेत, पण हिंदुस्थानात जवळजवळ तीस कोटी माणसे वर्षातील सहा महिने बेकार असतात, अशा आशयाचे त्यांनी त्यांना समजावून सांगितले. म्हणजे त्या चित्रात उभ्या असलेल्या बेकार स्त्रीचे आणि चित्रात नसलेल्या येथील चरख्यावरच्या स्त्रीचे दुःख एकमेकांना बांधलेले होते. एवढे समजल्यावर चित्राची गोडी कमी होत नाही. पण ते आता केवळ गोड राहत नाही, त्याला वजन येते.

हीच दृष्टी घेऊन मुंबईकडे वळू. गिरणगावच्या छायाचित्रांत नेहमी भेटणारे एक चित्र मागखात्याचे असते. मागांच्या लांब रांगा, मधल्या अरुंद वाटेत उभे विणकर. या चित्रात कोण नाही, हा प्रश्न विचारला की एक वेदनादायक इतिहास उघडतो. धोट्यात नवी कांडी बसविल्यावर सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच धोट्याला अनेकांचे ओठ लागत. लँकेशरमध्येही हीच रीत होती, आणि तिच्यामुळे रोग पसरतात म्हणून तेथे तिच्याविरुद्ध ओरड झाली. मुंबईत तिने निराळाच अनर्थ केला. अस्पृश्य मानलेल्या माणसाचे ओठ लागलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असे म्हणून त्या कामगारांना अधिक मजुरीच्या मागखात्यात येऊ दिले जात नसे. त्यांच्या वाट्याला सूतकताई व इतर खात्यांतील कमी पगाराचे काम येई. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. यंत्र एकच, धोटा एकच. एका देशात तो आरोग्याचा प्रश्न झाला आणि दुसऱ्यात जातीचा. ‘गिरणगावात सारे एक होते’ हे वाक्य आठवणींच्या लेखांत वारंवार येते. ते संपाच्या सभेपुरते पुष्कळ अंशी खरे असेल. मागखात्याच्या दारात ते खरे नव्हते.

दुसरे चित्र पाळी सुटल्यावर गिरणीच्या दाराशी होणाऱ्या गर्दीचे. अलीकडच्या काळातील अशा चित्रांत पुरुषांचाच लोंढा दिसतो, आणि गिरणी म्हणजे पुरुषांचे जग असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतील दर पाच कामगारांपैकी साधारण एक स्त्री होती. वाईंडिंग आणि रिळाच्या खात्यांत स्त्रियाच अधिक असत. पुढे नवी यंत्रे आली, खाती कमी झाली. स्त्रियांना रात्रपाळीस बंदी होती, बाळंतपणाची रजा व पैसा देण्याचा कायदा १९२९ मध्ये मुंबई प्रांतात झाला. कायदे हिताचेच होते. पण स्त्री कामगार महाग पडते असा हिशेब मालकांनी केला, आणि यंत्रांची जागा बदलताना पहिली गदा तिच्यावर आली. काही दशकांत ती गिरणीतून जवळजवळ नाहीशी झाली. छायाचित्रातून ती कोणी खोडली नाही. छायाचित्र काढण्याच्या आधीच ती बाहेर गेली होती.

गिरणीबाहेर मात्र ती होतीच. कोकणातून व घाटावरून आलेला कामगार बहुधा एकटा असे. एका खोलीत वीस-वीस जण पाळीपाळीने झोपत, आणि त्यांचे जेवण खानावळवाली बाई करीत असे. महिन्याच्या बोलीवर दोन वेळचे जेवण, पगार होईपर्यंत उधारी. संप झाला की उधारीला अंत नसे. पहाटेपासून चुलीशी उभ्या असलेल्या या स्त्रियांना कोणी कामगार म्हटले नाही. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, तेव्हा सावकाराच्या तावडीतून सुटण्याची वाट त्यांना मिळाली. संपाच्या मोर्चाचे छायाचित्र आपण पाहतो. त्या मोर्चातील माणूस सकाळी कोणाची भाकरी खाऊन निघाला, हे सांगणे चित्राच्या आवाक्यात नसते. तेथे आठवणींच्या लेखनाचे काम सुरू होते.

अशीच एक न दिसणारी गोष्ट आपणा ख्रिस्ती वाचकांच्या विशेष जवळची आहे. स्पेंडर यांच्या बोल्टनमध्ये रविवारी गिरणी बंद असे आणि माणसे उपासनेस जात. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुटी अशी नव्हतीच. यंत्रे पुसायला म्हणून रविवारीही कामगाराला बोलावीत. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून सभा, अर्ज, गाऱ्हाणी असा लढा चालविला, आणि १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार आहे, तो आम्हांस मोकळा हवा, असे त्यांनी मांडले होते. आज आपण रविवारी निवांतपणे मिस्सेला येतो, त्या निवांतपणात या सत्यशोधक माणसाच्या श्रमांचाही वाटा आहे. सुटीचे छायाचित्र काढता येत नाही. कोणीतरी ती लिहून ठेवावी लागते, तेव्हाच तिचे ऋण कळते.

आता लिहिलेल्या आणि रंगविलेल्या गिरणगावाकडे येऊ. कवितेत या जगाला पहिले समर्थ स्थान मिळाले ते नारायण सुर्वे यांच्या ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहांतून. गंगाराम सुर्वे या गिरणीकामगाराने रस्त्यावर सापडलेल्या तान्ह्या मुलाला आपले नाव दिले, आणि त्या मुलाने पुढे आपल्या कवितेत साऱ्या कामकरी जगाला नावानिशी वावरू दिले. सुर्वे यांच्या कवितेतील माणसे ‘कामगार’ या एका शब्दात विरघळत नाहीत. त्यांना नाव, धर्म, धंदा, बोली असते. साक्षीचा पहिला गुण हाच.

नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातील शंभरएक माणसांच्या मुलाखती घेऊन तयार केलेला ग्रंथ इंग्रजीत २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि ‘कथा मुंबईच्या गिरणगावाची’ या नावाने तो मराठीत आला. या विषयावरील हे सर्वांत मोलाचे पुस्तक, असे मी निःसंकोचपणे म्हणेन. त्यात पुढारी आहेत, साधे विणकर आहेत, गिरणीत काम केलेल्या व घर चालविलेल्या स्त्रिया आहेत, शाहीर आहेत. वेगवेगळ्या पक्षांचे, एकमेकांचे न पटणारे लोक आहेत. एकाच घटनेविषयी दोन माणसे दोन गोष्टी सांगतात आणि लेखिका त्यांतील एकाला गप्प करीत नाहीत. न्यायाधीश निकालाची घाई न करता सर्वांचे जबाब नोंदवून घेतो, तशी या ग्रंथाची रीत आहे. मर्यादा सांगायची तर अशी, की चळवळीत वावरलेल्या माणसाला बोलण्याची सवय असते आणि न वावरलेल्याला नसते. त्यामुळे चळवळीचा आवाज येथे स्वाभाविकपणे अधिक ठळक झाला आहे. सभेला कधीच न गेलेला, पाळी संपली की मान खाली घालून खोलीवर येणारा बदली कामगार येथेही थोडा दूरच राहतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही; तो विरत गेला, आणि त्याच्याबरोबर गिरण्याही विरत गेल्या. त्यानंतरच्या उद्ध्वस्त घराचे चित्र जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकाइतके निष्ठुरपणे दुसरीकडे क्वचितच उमटले असेल. रंगमंचावर गिरणी नाही, भोंगा वाजविणारे हळवे क्षण नाहीत. चाळीतील एक खोली, कामगाराच्या मागे उरलेली त्याची पत्नी आणि वाट चुकलेली मुले, एवढेच. आई घर धरून ठेवू पाहते आणि घर हातातून निसटत जाते. चाळीतील जिव्हाळ्याचे गोडवे गाणाऱ्यांनी हे नाटक अवश्य वाचावे. भूक दाराशी आली, की जिव्हाळ्याचे काय होते ते त्यात आहे. याच नाटकावर आधारलेला महेश मांजरेकर यांचा ‘लालबाग परळ’ हा चित्रपट २०१० मध्ये आला. त्याने हा विषय हजारो लोकांपर्यंत नेला, हे श्रेय त्याला द्यावेच लागेल. पण नाटकात जे आतल्या आत धुमसते ते पडद्यावर फार वेळा रक्तातून व आरडाओरडीतून प्रकट होते, आणि प्रेक्षक हादरून का होईना, मोकळा होऊन घरी जातो. हादरविणे हेही रंजनच आहे. त्याने अंगावर काटा येतो, पण अंगावर जबाबदारी येत नाही.

स्मरणरंजनाचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र पुस्तकात किंवा पडद्यावर नाही. ते लोअर परळला उभे आहे. फिनिक्स मिलच्या जागी झालेल्या भव्य बाजारसंकुलात गिरणीचे जुने धुराडे शोभेसाठी राखून ठेवले आहे. पवार यांनी आपल्या एका कथेला व कथासंग्रहाला ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ असे नाव दिले, त्यातील उपरोध हे धुराडे पाहिलेल्यास वेगळा समजावून सांगावा लागत नाही. या संग्रहाला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा मोठा भाग मोकळी मैदाने व स्वस्त घरे यांसाठी सोडणे अपेक्षिले होते. २००१ मध्ये तिच्यात बदल झाला, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला, आणि सार्वजनिक वाटा फार आक्रसला. गिरणीकामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली ती २०१२ मध्ये, संपानंतर तीस वर्षांनी. धुराडे राहिले, त्याखाली राबलेला माणूस शहराबाहेर गेला. जुन्या वास्तूंचे जतन करणे चांगलेच आहे. परंतु वस्तू जपून माणूस विसरणे हे जतन नव्हे.

हा विषय मुंबईचा आहे, विंचूर-निफाडकडील वाचकांना त्याचे काय, असे कोणी म्हणेल. तर मुंबईच्या गिरण्यांतील माग थांबले म्हणून कापड विणणे थांबले नाही. ते भिवंडी, इचलकरंजी आणि आपल्याच जिल्ह्यातील मालेगाव येथील यंत्रमागांवर गेले. तेथे बारा तासांची पाळी नवलाची मानली जात नाही. लोखंडे यांनी जे मागितले आणि गिरणगावाने जे मिळविले, त्यातील बरेचसे तेथे पोहोचलेलेच नाही. परळच्या धुराड्याकडे पाहून उसासे टाकणारी आपली अभिरुची मालेगावच्या मागाचा खडखडाट ऐकते काय? शेजारच्या येवल्याची पैठणी आपण लग्नात कौतुकाने पाहतो. ती विणणाऱ्याचे नाव नेसणारीला क्वचितच ठाऊक असते. खुद्द विंचूरच्या इतिहासात सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांचे नाव राहिले. वाडे बांधणाऱ्या गवंड्यांची नावे कोणी नोंदविली नाहीत.

आणि आपल्या धर्मग्रामांच्या स्मरणिका? रौप्यमहोत्सव, सुवर्णमहोत्सव आला की आपण स्मरणिका काढतो. त्या माझ्या टेबलावर पुष्कळ जमल्या आहेत. मधोमध महागुरूस्वामींचे चित्र, मग धर्मगुरूंची ओळ, मग धर्मभगिनी. प्रत्येकाच्या खाली पूर्ण नाव व कार्यकाळ. त्यापुढे चर्चच्या बांधकामाचे एखादे अस्पष्ट जुने छायाचित्र असते. डोक्यावर घमेले घेतलेल्या स्त्रिया, पहाडावर चढलेले गवंडी, कडेला उघडी मुले. खाली ओळ असते, ‘बांधकामप्रसंगी ग्रामस्थ’. गावोगाव पायी फिरून प्रार्थना शिकविणारे मास्तर, दुष्काळात धान्य वाटताना रात्रभर जागलेली माणसे, वसतिगृहात शेकडो मुलांच्या भाकऱ्या थापणारी बाई, हे सारे त्या ‘ग्रामस्थ’ शब्दात सामावून जातात. बोल्टनच्या चित्रांतील माणसांना नावे नव्हती, कारण काढणारा परका होता. आपल्या चित्रांतील माणसे तर आपल्याच आजीआजोबांपैकी आहेत. त्यांची नावे सांगू शकणारी दोन-चार वृद्ध माणसे बहुतेक गावांत अजून आहेत. ती गेल्यावर ते चित्र केवळ एक जुने चित्र उरेल.

आपल्या श्रद्धेत स्मरण या शब्दाला मोठे वजन आहे. ‘माझ्या स्मरणार्थ’ असे म्हणून जे दिले गेले, ते पुन्हा सर्वांत वाटण्यासाठी दिले गेले. मृतांसाठी मिस्सा देताना आपण त्यांचे नाव घेतो, संख्या सांगत नाही. म्हणून आठवणींच्या वाङ्मयाची कसोटी आपणास परकी वाटू नये. एखादे छायाचित्र वा पुस्तक हाती आले, की ते कोणी व कशासाठी तयार केले, चौकटीबाहेर कोण राहिले, आणि आतल्या माणसांचे कोणते देणे अजून बाकी आहे, एवढे विचारावे. गिरणगावाविषयीचे उत्तम लेखन या प्रश्नांना तोंड देते, म्हणूनच ते टिकेल. बाकीचे धुराड्याच्या शोभेसारखे राहील.

पुढील स्मरणिकेसाठी छायाचित्रे गोळा करणाऱ्या तरुण मंडळींना एक काम सुचवितो. चित्र घेण्याआधी घरातील वृद्धांजवळ बसावे, बोट ठेवून एकेका चेहऱ्याचे नाव विचारावे, तो काय काम करीत असे ते विचारावे, आणि चित्राच्या मागे पेन्सिलीने हलक्या हाताने लिहून ठेवावे. ज्याचे नाव कोणालाच आठवत नाही, त्याचीही नोंद ‘नाव आठवत नाही’ अशी प्रामाणिकपणे करावी. तीसुद्धा साक्षच आहे.